बेलफोर्कची उत्तर दिशा

एकतीस वर्षं मी बेलफोर्कच्या शाळेत भूगोल शिकवला. नेब्रास्कातल्या या गावात निम्म्याहून अधिक माणसांना जगाच्या नकाशावर आफ्रिका कुठं आहे ते मी दाखवलं. त्याबद्दल मला कोणी हार घालावा अशी माझी कधीच अपेक्षा नव्हती. पण ‘उत्तर दिशा चुकलेला मास्तर’ म्हणून आपण ओळखले जाऊ, असंही कधी वाटलं नव्हतं. झालं ते असं.

सुरुवात सिनेमापासून झाली. मी सिनेमाला जाणारा माणूस नव्हे. पण आमच्या थिएटरात दर मंगळवारी तिकिटाबरोबर चिनी मातीचं एक भांडं फुकट देतात. मंदीमुळे लोक यायचे बंद झाले, तेव्हा मालकानं ही शक्कल काढली. टिल्डा, म्हणजे माझी बायको, गेली त्याला दोन हिवाळे झाले. तिच्या हयातीत तिनं या मंगळवारांतून अख्खा संच जमवला होता, फक्त रस्सा वाढायचं तोटीचं भांडं तेवढं राहिलं होतं. त्या मंगळवारी नेमकं तेच मिळणार होतं. एकट्या माणसाला रश्श्याचं भांडं कशाला हवं, हा प्रश्न शेजारच्या व्होंड्राबाईंनी मला रस्त्यात उभं करून विचारला. मी म्हणालो, “संच पुरा झालेला बरा.” त्या “हं” म्हणाल्या. व्होंड्राबाईंच्या ‘हं’मध्ये माणसाचा पूर्ण निकाल असतो.

सिनेमा हवाई टपालाच्या वैमानिकांचा होता. उघडं विमान, तोंडावर झोंबणारा वारा, पायाशी टपालाच्या थैल्या आणि पोरांचं वय काय, तर पंचविशीच्या आत. त्यातला एक रोज वादळात जायचा आणि त्याची वाट बघणारी एक मुलगी रोज ओठ चावायची. शेवटाकडं तो ढगात हरवतो. खाली कुठलंसं गाव दिसतं, पण कुठलं ते काही कळत नाही. गावाला नाव आहे, ते स्टेशनावरच्या पाटीवर, आणि पाटी वरून वाचता येत नाही. तो त्या गावावर घिरट्या घालतो आणि एकटाच पुटपुटतो, “कोणी आहे का खाली?”

त्याच क्षणी माझ्या मांडीवरचं भांडं खाली पडलं. आमच्या थिएटरात कोणाचं भांडं फुटलं की सगळे टाळ्या वाजवतात, तसा रिवाजच आहे. पडद्यावर तो पोरगा मरत होता आणि दीडशे माणसं माझ्याकडं वळून टाळ्या पिटत होती. मी अंधारात तुकडे गोळा करत बसलो, त्यामुळे सिनेमाचा शेवट मला आजतागायत माहीत नाही. पण ते वाक्य डोक्यात राहिलं.

त्याला कारण होतं. पश्चिमेकडं जाणारं टपालाचं विमान रोज चार वाजून दहा मिनिटांनी आमच्या घरावरून जातं. आमचं घर गावातलं शेवटचं, पुढं नुसती शेतं. टिल्डा रोज चारला हातातलं काम टाकायची, मागच्या अंगणात जायची, कमरेचा पांढरा एप्रन सोडून दोन टोकांना धरून डोक्यावर उंच करायची. वरून विमान एकदा डावा पंख कलवायचं, एकदा उजवा. मग ती एप्रन बांधून पुन्हा बटाटे सोलायला लागायची. मी पडद्याआडून बघायचो. मास्तराची बायको अंगणात उभी राहून परक्या माणसाला फडकं दाखवते, याची मला लाज वाटायची. एकदा मी तसं बोललोही.

ती म्हणाली, “अहो, वर एकटाच असतो बिचारा.”

“त्याला तू दिसत नाहीस.”

“मग पंख कोणाला हलवतो? तुम्हाला?”

ती गेल्यावर आठ-दहा दिवस विमान यायचं आणि पंख हलवून जायचं. मी आत बसायचो. बाहेर जावं असं रोज वाटायचं आणि रोज एप्रनकडं बघून मी बसून राहायचो. पुरुषमाणूस, तोही मास्तर, तो काय एप्रन हलवणार? मग एके दिवशी पंख हलायचे थांबले. विमान तेच, वेळ तीच, फक्त ते सरळ जायला लागलं. खरं सांगायचं तर टिल्डाच्या दफनाच्या दिवशी मी रडलो नाही. त्या दिवशी रडलो.

तर सिनेमाहून परत येताना मी ठरवलं, छपरावर गावाचं नाव लिहायचं. हल्ली बऱ्याच गावांत लिहितात, सरकारचं उत्तेजन आहे. वरच्या पोराला नाव वाचता येईल, आणि कदाचित खाली कोणीतरी आहे हे बघून तो पुन्हा एकदा पंख हलवील. हे दुसरं कारण मी कोणाला सांगितलं नाही. सगळ्यांना सांगितलं की ही देशसेवा आहे.

गावच्या कचेरीत पर्डी बसतो. हा माझा विद्यार्थी, चौथीत दोनदा बसलेला, आणि त्याचं उट्टं तो अजून काढतो.

“मास्तर, छप्पर तुमचं, मान्य,” तो म्हणाला, “पण नाव गावाचं आहे. गावाचं नाव खासगी छपरावर लिहायचं म्हणजे ठराव लागतो.”

“अरे, चांगल्या कामाला ठराव कशाला?”

“वाईट कामाला लागत नाही, चांगल्यालाच लागतो. तुम्ही अर्ज करा, दोन प्रतींत. आणि हस्ताक्षर चांगलं काढा.”

हे शेवटचं वाक्य मी त्याला चौथीत रोज म्हणायचो.

ठरावाच्या सभेला एरवी पाचजण येतात, त्या दिवशी चाळीस आले. लुथरन चर्चवाले म्हणाले, गावातलं सर्वांत उंच छप्पर आमचं. मेथडिस्ट चर्चवाले म्हणाले, उंच आहे पण उतार फार, अक्षरं घसरतील. अक्षरं कशी घसरतील हे कोणी विचारलं नाही, पण त्या मुद्द्यावर मतं फुटली. मग प्रश्न निघाला की नाव कोणत्या बाजूनं वाचता यावं. पूर्वेकडून येणाऱ्याला सुलट लिहिलं तर पश्चिमेकडून येणाऱ्याला उलट दिसणार. यावर दीड तास गेला. शेवटी व्होंड्रानं तोडगा काढला. व्होंड्रा म्हणजे व्होंड्राबाईंचा नवरा एमिल, याचं गावात रंगांचं आणि खिळ्यामोळ्यांचं दुकान आहे. तो म्हणाला, “पश्चिमेकडून येणारा डोंगर ओलांडून आलेला असतो, त्याला उलटं वाचायची सवय झालेली असते.” हे सगळ्यांना पटलं. सरकारी पत्रकाप्रमाणं नावाखाली उत्तर दिशा दाखवणारा बाण असावा, अशीही दुरुस्ती झाली, आणि ठराव एकमतानं पास झाला. मी सोडून कोणीही हात वर करणार नाही अशी माझी समजूत होती, म्हणून मी दोन्ही हात वर केले होते. पर्डीनं एक मत बाद केलं.

पिवळा रंग व्होंड्राकडून आणला, शिडीही त्याचीच. शिडीबरोबर सल्ला आलाच.

“मास्तर, कमरेला दोर बांधा.”

“बांधला.”

“दुसरं टोक धुरांड्याला बांधू नका. तुमचं धुरांडं हलतं.”

“माझं धुरांडं हलत नाही.”

दोर धुरांड्यालाच बांधला, आणि पहिलं अक्षर अर्धं होतं न होतं तोच माझा पाय सुटला. मी घसरत पन्हळीपर्यंत गेलो. दोरानं मला धरलं, धुरांड्याच्या चार विटा माझ्या पाठोपाठ आल्या आणि शेजारून खाली गेल्या. पिवळ्या रंगाचा डबा मात्र माझ्याआधी पोचला. तो नेमका व्होंड्राबाईंच्या वाळत घातलेल्या चादरींवर पोचला. त्यांनी चादरी काढल्या, माझ्याकडं एकदा बघितलं आणि शिडी उचलून घेऊन गेल्या. थंडी तोंडावर आली होती, त्यांना हिवाळी खिडक्या लावायच्या होत्या.

मी दोन तास छपरावर. हाका मारणं मला बरं दिसेना. वरून आमचं अंगण पहिल्यांदाच बघितलं. एक दोरी, एक खुर्ची, एक कोंबडीचं खुराडं, तेही रिकामं. टिल्डा उभी राहायची तिथलं गवत अजून थोडं दबलेलं आहे असं वाटलं, पण दोन वर्षांनी ते कसं शक्य आहे? चार-दहाला विमान आलं. इतक्या जवळून मी ते कधी पाहिलं नव्हतं. मी एक हात थोडासा वर केला, म्हणजे कोणी बघितलंच तर डोकं खाजवतोय असं वाटावं इतपत. ते सरळ निघून गेलं. मला फार वाईट वाटलं, आणि छपरावर बसून वाईट वाटलं तर माणसाला आत जाऊन पडताही येत नाही.

पाचला व्होंड्रा शिडी घेऊन आला. म्हणाला, “हाक का नाही मारली?”

म्हटलं, “काम चाललं होतं.”

अक्षरं पुरी व्हायला नऊ दिवस लागले. बाण राहिला. व्होंड्रा खालून म्हणाला, “मास्तर, दुकानात होकायंत्र आहे, आणू का?”

हे ऐकून मला खरोखर राग आला. एकतीस वर्षं उत्तर दिशा शिकवलेल्या माणसाला होकायंत्र दाखवणं म्हणजे आचाऱ्याला मीठ कुठलं ते सांगणं. वर्गात मी काय सांगायचो? फळ्याकडं तोंड करा, समोर उत्तर. हमरस्ता उत्तरेला जातो. गावात कोणालाही विचारा, धान्याची कोठी दक्षिणेला, शाळा उत्तरेला. मी हमरस्त्याला समांतर दोरी ताणली आणि खडूनं रेघ मारून झकास बाण काढला. खाली उभं राहून सगळ्यांनी मान डोलावली. पर्डी म्हणाला, “मास्तर, उत्तर छान आलीय.” चौथीत मी त्याला हेच कधी म्हणालो असतो तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं.

त्यानंतर मी रोज चारला खिडकीशी बसायला लागलो. एक दिवस, दोन दिवस, सहा दिवस. विमान यायचं, नावावरून जायचं. पंख हलले नाहीत.

बाराव्या दिवशी ढग इतके खाली आले की धान्याच्या कोठीचं टोक दिसेना. चार-दहाला ढगात फट पडली, विमान खाली आलं, माझ्या छपरावर एक चक्कर मारली आणि पुन्हा ढगात गेलं. मी खुर्चीवरून उठलो. कोणीतरी वाचलं होतं. त्या आनंदात मी कॉफी केली, आणि तासाभरानं तेच विमान खोकत खोकत परत आलं आणि व्होंड्राच्या भोपळ्यांच्या शेतात उतरलं. उतरलं म्हणजे काय, पहिले साठ-सत्तर भोपळे फोडून मग थांबलं. पायलट धडधाकट होता. चामडी टोपी, तोंडभर भोपळा, वय फार तर सव्वीस. त्यानं थैल्या काढून पोस्टमास्तरच्या ताब्यात दिल्या, कारण विमान बसलं की टपाल पुढच्या गाडीनं जातं, तसा नियम आहे. मग त्यानं जमलेल्या गर्दीला विचारलं, “ते छप्पर कोणाचं?”

गर्दीनं एका दमात माझ्याकडं बोट केलं. इतकं एकमत ठरावाच्या वेळीही नव्हतं.

“काका,” तो म्हणाला, “मी ढगातून खाली आलो तेव्हा माझं होकायंत्र एक सांगत होतं आणि तुमचा बाण दुसरंच. मला वाटलं, होकायंत्र बिघडलं असेल. एवढ्या मोठ्या अक्षरांत कोणी खोटं कशाला लिहील? म्हणून बाणाप्रमाणं पश्चिम धरली. अर्ध्या तासानं खाली आलो तर नदी नाही, रूळ नाही, काही नाही. मी दक्षिणेला, कॅन्ससच्या वाटेला लागलो होतो.”

“बाण बरोबर आहे,” मी म्हणालो. “हमरस्ता उत्तरेला जातो.”

त्यानं खिशातलं छोटं होकायंत्र काढून माझ्या तळहातावर ठेवलं. काटा थरथरला आणि स्थिरावला तो शाळेकडं नव्हे, तर व्होंड्राच्या परसातल्या संडासाकडं.

तेव्हा कुठं उलगडा झाला. इथली नदी तिरकी वाहते. रेल्वेनं नदीकाठानं रूळ टाकले, म्हणून रूळ तिरके. रुळांना काटकोनात गाव वसवलं, म्हणून गाव तिरकं. साठ वर्षं आम्ही वायव्येला उत्तर म्हणत होतो. सूर्य कोपऱ्यातून उगवतो हे मी रोज बघायचो, पण मला तो सूर्याचा स्वभाव वाटायचा.

गावानं हे सहजी मान्य केलं नाही. कोणी म्हणालं, आमच्या आजोबांपासून हीच उत्तर आहे. पर्डी म्हणाला, “कौन्सिलनं ही उत्तर ठरावानं मंजूर केलेली आहे. बदलायची तर नवा अर्ज लागेल.” व्होंड्रा भोपळ्यांकडं बघत म्हणाला, “मी होकायंत्र आणू का म्हणालो होतो.” हे वाक्य त्यानं त्या दिवशी अकरा वेळा म्हटलं. मी मोजत होतो, कारण दुसरीकडं कुठं बघायची सोय नव्हती.

पेट्रोल यायला वेळ होता. पोराचे दात थंडीनं वाजत होते, म्हणून मी त्याला घरी आणलं. त्याचं नाव रस्क. मी चूक कबूल करायला शब्द जुळवत होतो, पण तो ऐकतच नव्हता. स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला एप्रन टांगलेला आहे, त्याकडं तो बघत होता.

“हे एप्रनचं घर आहे?” त्यानं विचारलं.

“कसलं?”

त्यानं कोटातून एक मळकी वही काढली. या वाटेवरचे पायलट एकमेकांना वाट सांगतात ती वही, एकाकडून दुसऱ्याकडं जाते. त्यानं पान काढून माझ्यापुढं धरलं. कोणीतरी पेन्सिलीनं लिहिलेलं होतं:

‘बेलफोर्क. पांढरी कोठी. पलीकडं शेवटचं घर. चार-दहाला मागच्या अंगणात बाई एप्रन धरून उभी असते. एप्रन कुठं उडतो त्यावरून खालचा वारा कळतो. कधी चुकत नाही. पंख हलवायला विसरू नये, ती वाट बघते.’

मी ते दोनदा वाचलं. चष्मा पुसून तिसऱ्यांदा वाचलं.

“माझ्याआधीच्यानं लिहिलंय,” रस्क म्हणाला. “त्याची बदली झाली तेव्हा वही मला दिली. म्हणाला, ओमाहाचा विमानतळ सोडल्यावर दिवसभरात तेवढंच एक माणूस भेटतं. मी दोन वर्षं शोधतोय काका, मला काही एप्रन दिसला नाही. मला वाटलं, घर चुकतंय. कुठं गेल्या त्या?”

मी सांगितलं. तो कॉफीचा कप दोन्ही हातांत धरून बसला. मी उगीच त्याच्यापुढं साखर सरकवली, मग दूध सरकवलं, मग पुन्हा साखर.

“मी तिला म्हणायचो, त्याला तू दिसत नाहीस,” मी म्हणालो. “मला तिची लाज वाटायची.”

पेट्रोल आल्याची हाक आली. तो उठला, आणि कानामागची पेन्सिल काढून म्हणाला, “मग ही ओळ खोडू ना? पुढचा कोणी उगीच शोधत बसेल.”

वहीत ‘उभी असते’ असं लिहिलेलं होतं. ‘असायची’ नव्हे. गावच्या दफ्तरात ती मेलेली, चर्चच्या पुस्तकात मेलेली, दगडावर तर तारखेसकट. या एका मळक्या वहीत तेवढी ती अजून रोज चार-दहाला अंगणात येत होती.

“नको,” मी म्हणालो. “राहू दे.”

“पण काका, मग खाली एप्रन हवा. वारा कळायला लागतो. छपरासारखं नको व्हायला.”

“असेल,” मी म्हणालो.

“मग ‘बाई’च्या जागी ‘मास्तर’ लिहू?”

“काही लिहू नकोस.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छपरावर चढलो आणि बाण काळ्या रंगानं बुजवला. अर्ज केला नाही. खाली पर्डी दोन प्रतींबद्दल काहीतरी ओरडत होता. चारला मी खिळ्यावरचा एप्रन काढला. अंगणात पाय टाकला तर कुंपणाशी गावच जमलं होतं. उत्तर चुकलेला मास्तर आता काय करतो, ही उत्सुकता कोणाला नसणार? मी त्यांच्याकडं पाठ केली आणि एप्रन डोक्यावर धरला. वाऱ्यानं तो माझ्या तोंडावर गुंडाळला. मागून हसणं ऐकू आलं. मी तो सोडवला, पुन्हा धरला, पुन्हा तोंडावर.

“मास्तर, उलटा धरलाय,” कुंपणापलीकडून व्होंड्राबाई म्हणाल्या. “ती नाड्या वर घ्यायची. पट्टा मुठीत, नाड्या मनगटाला गुंडाळून.”

मी वळून बघितलं. “तुम्हाला काय माहीत?”

“रोज बघत होते,” त्या म्हणाल्या. “तुमच्यासारखी पडद्याआडून.”

त्या कुंपणाचं फाटक उघडून आत आल्या, माझ्या मनगटांना नाड्या गुंडाळल्या आणि बाजूला उभ्या राहिल्या. ‘हं’ म्हणाल्या नाहीत. चार वाजून दहा मिनिटांनी विमान आलं. डावा पंख कलला, मग उजवा. विमान ठिपक्याएवढं झालं तरी मी हात खाली घेतले नव्हते.

आता रोज जातो. पर्डीनं मला लेखी विचारलं आहे की वाऱ्याची दिशा दाखवायला सरकारी नमुन्याची कापडी पिशवी मिळते, ती खांबावर का लावत नाही? मी उत्तर दिलेलं नाही. बेलफोर्कच्या शेवटच्या घरामागं चार-दहाला एक बाई उभी असते, असं वहीत लिहिलेलं आहे, आणि एक चूक केल्यानंतर या गावाबद्दल दुसरी चुकीची माहिती मी वरच्या पोरांना देणार नाही.